उद्या दुकान उघडायचं का?

"लोकल दुकानदारांना सपोर्ट करा" असे मेसेज अजून येतात, दिवाळी जवळ आली की जरा जास्तच, वर पणत्यांचा फोटो आणि खाली व्होकल फॉर लोकल. त्याला माझी काही हरकत नाही. पण मी सांगलीत छोट्या दुकानदारांची जीएसटीची, इन्कम टॅक्सची कामं करते, त्यांच्या वह्या माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे कोविडच्या दोन वर्षांत कुणाचं काय झालं ते मला आकड्यांत बघायला मिळालं, आणि त्यावरून माझं आपलं मत असं झालंय की त्या काळात दुकानदाराला सगळ्यात जास्त गरज होती ती खऱ्या बातमीची. कर्ज, पॅकेज वगैरे नंतर. उद्या दुकान उघडायचं का, उघडलं तर किती वाजेपर्यंत, आणि आपण उघडलंय हे गिऱ्हाइकाला कळणार कसं, या तीन गोष्टी ज्याला आदल्या रात्री कळत होत्या तो तरला.

आधी आमच्या गावाची परिस्थिती सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांना ती माहीत नसते. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं (धोक्याची पातळी ४५), मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्यात. दिवाळीपर्यंत लोक दुकानातला चिखलच काढत होते, वासच जात नव्हता. मग जरा कुठं जानेवारी-फेब्रुवारीत गाडी रुळावर आली, लोकांनी उधारीवर नवीन माल भरला, लग्नसराई तोंडावर, पाडवा तोंडावर, आणि मार्च २०२० ला हे. त्यात २३ मार्चला इस्लामपुरातल्या एकाच घरातले चौघं पॉझिटिव्ह आले, सौदीहून आलेले, आणि बघता बघता तिथला आकडा वीसच्या वर गेला, त्यामुळे सांगली जिल्हा एकदम टीव्हीवर. मुंबईच्या नातेवाइकांचे फोन, "तुमच्याकडं लई आहे म्हणे". आणि २५ मार्चला देशभर लॉकडाऊन सुरू झाला तो नेमका गुढीपाडव्याचा दिवस. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखरेच्या गाठींच्या माळा तशाच टांगलेल्या. पाडव्यानंतर गाठी कोण घेणार? शेठनी शेवटी पोत्यात भरून ठेवल्या आणि मे महिन्यात सरबताला वापरा म्हणून गिऱ्हाइकांना फुकट वाटल्या.

मला फोन सुरू झाले ते पहिल्याच आठवड्यात. "मॅडम, रिटर्नचं काय?" ते सोपं होतं, सरकारने २४ मार्चलाच तारखा जूनअखेरपर्यंत पुढे ढकलल्या होत्या. पण पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि मॅडम, आमचं दुकान अत्यावश्यकमध्ये येतं का हो?" आता मी काय कलेक्टर आहे का. पण पीडीएफ वाचायची मला सवय, नोटिफिकेशन वाचून वाचून डोळे गेलेत, त्यामुळे मी ते आदेश वाचायला लागले. आणि खरं सांगते, तसले आदेश सरळ माणसाला कळणं कठीण. "सदर आदेशातील परिच्छेद अमुक मधील बाबी वगळून", आणि ती वगळलेली बाब कालच्या आदेशात, आणि कालच्या आदेशाला परवाच्या आदेशाची दुरुस्ती. पंख्याचं रिपेरिंग अत्यावश्यक आहे का? चष्म्याचं दुकान? पिठाची गिरणी आहे हे सगळ्यांना कळत होतं, पण गिरणीचा पट्टा तुटला तर पट्टा विकणारा अत्यावश्यक आहे का?

तोपर्यंत पेपर येणं बंद झालेलं. पेपरमधून कोरोना येतो अशी आवई उठली होती, सोसायट्यांनी पेपरवाल्या पोरांना गेटवरच अडवलं, मग एप्रिलमध्ये सरकारनेच घरपोच पेपर टाकायला बंदी घातली आणि ओरड झाल्यावर ती मुंबई-पुण्याच्या पट्ट्यापुरती ठेवली. पेपरचे पीडीएफ फिरायचे व्हॉट्सअपवर, पण त्यात राज्याची बातमी, देशाची बातमी, इटलीची बातमी, आणि आमच्या गल्लीतला दवाखाना उघडा आहे का ते नाही. ती बातमी कोण देणार? ग्रुपवर तर नुसता धुरळा. "उद्यापासून दहा दिवस दूध पण बंद, मिलिटरी येणार" असा मेसेज पडला की तासाभरात किराणा दुकानासमोर पन्नास माणसं, चुन्याने आखलेले ते गोल राहिले बाजूला, आणि शेठ आतून हात जोडतायत. कोंबडीचं तर त्याच्या आधीच झालेलं, चिकन खाल्लं की कोरोना होतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी अक्षरशः मातीमोल भावात दिले, आणि तो कुठला सरकारी आदेश नव्हता, नुसता फॉरवर्ड होता. एका खोट्या मेसेजने अख्खा धंदा बसतो हे आम्ही लॉकडाऊन लागायच्या आधीच बघितलं होतं.

मग मी व्हॉट्सअपवर एक ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे मी टाकलेला मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. ग्रुप मुद्दाम केला नाही, कारण ग्रुप म्हटलं की गुड मॉर्निंग आलं, काढ्याची रेसिपी आली, आणि अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होणार वगैरे घाबरवणंही तेव्हा जोरात होतं. लिस्टमध्ये आधी फक्त माझे क्लायंट दुकानदार, मग त्यांची गिऱ्हाइकं, मग गिऱ्हाइकांच्या पुण्यात राहणाऱ्या मुली, कारण इथं एकट्या राहणाऱ्या आईला औषध कोण पोचवेल हा प्रश्न त्यांना. रोज रात्री आदेश वाचून चार-पाच ओळी. उद्या काय उघडं, किती ते किती, कोण घरपोच देतं, कुठली गल्ली पत्रे लावून बंद केली आहे. नियम एकच ठेवलेला, आदेशाची प्रत स्वतः बघितल्याशिवाय एक ओळ टाकायची नाही. लोक चिडायचे, "टीव्हीवर तर सांगितलंय!" सांगू दे की. टीव्हीवर सांगितलं म्हणून दुकान उघडलं आणि पावती फाटली तर टीव्हीवाला भरणार आहे का?

या चार ओळींचा उपयोग किती, तर किराणावाल्या शेठचंच सांगते. पहिल्या आठवड्यात त्यांच्या दुकानात नुसती झुंबड, कारण उद्या उघडेल का याची कुणालाच खात्री नाही. एकदा लोकांना आदल्या रात्री पक्कं कळायला लागलं की उद्या उघडं आहे, परवाही आहे, तशी गर्दी आपोआप पांगली. मग याद्या व्हॉट्सअपवर यायला लागल्या. तो प्रकार बघण्यासारखा होता, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली यादी, त्याचा तिरका फोटो, "तूरडाळ २ किलो, शेंगदाणे १, साबुदाणा (नसला तर राहू दे), अगरबत्ती नेहमीची". नेहमीची म्हणजे कुठली ते शेठना माहीत, त्यांच्या बी.कॉम.च्या पोराला नाही, आणि पॅकिंग करायला पोरगं. तो प्रत्येक यादीला दोनदा हाक मारायचा, "पप्पा, पाटील काकूंची नेहमीची कुठली?" पण जमलं. पोराने दुकानाच्या शटरला क्यूआर कोड चिकटवला, शेठना मोबाईलवरचे पैसे म्हणजे खरे पैसे वाटायला मात्र एक महिना लागला, रोज संध्याकाळी मला फोन, "मॅडम, हे बँकेत दिसतंय ना नक्की?"

अडचण वेगळीच आली. पेठेतल्या होलसेलवाल्यांनी उधारी बंद केली, माल हवाय तर रोख आणा. त्यांचंही चूक नाही, त्यांना पण पुढून रोखच मागत होते. आणि इकडं गिऱ्हाइकांची उधारी वाढत चाललेली, ज्यांचे पगार थांबले, रिक्षा थांबली, त्यांना शेठ नाही म्हणू शकत नव्हते. मग मी लिस्टवर सरळ टाकलं की ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी पुढच्या महिन्याच्या किराण्याचे पैसे आत्ताच जमा करा आणि हळूहळू माल न्या. मला वाटलं नव्हतं लोक देतील. बरेच रिटायर्ड मास्तर, बँकवाले, एलआयसीवाले पुढे आले. शेठच्या वहीत एका बाजूला "येणे" आणि एका बाजूला "जमा", आणि तेवढ्यावर त्यांचं चाक फिरलं. माझ्या दृष्टीने खरा सपोर्ट हा. दुकानाबाहेर उभं राहून सेल्फी काढायचा नाही, पैसे आधी द्यायचे, बास.

आता सरकारी मदतीचं. पुरात निदान पंचनामा होतो. तलाठी येतो, भिंतीवरची पाण्याची रेघ बघतो, भिजलेले गठ्ठे बघतो, फोटो काढतो. २०१९ ला छोट्या दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार असं ठरलेलं, कुणाला मिळाले, कुणाची कागदं अडकली, पण हिशेबाला काहीतरी जागा होती. लॉकडाऊनचा पंचनामा कसा करणार? माल जागच्या जागी कोरडा ठणठणीत. फक्त तो आता कुणाला नको. माझा एक क्लायंट लग्नपत्रिका छापायचा. एप्रिल-मे २०२० च्या तारखांच्या पत्रिका छापून, घड्या घालून, गणपतीचा खडा चिकटवून तयार, आणि लग्नंच पुढे गेली. त्या पत्रिका रद्दीत घालायच्या, पैसे मागायचे कुणाकडं? नवरीच्या बापाकडं? त्याच्याकडं हॉलचा अ‍ॅडव्हान्स अडकलेला.

मे २०२० ला ते मोठं पॅकेज आलं, त्यात छोट्या उद्योगांना बिनतारण ३ लाख कोटींचं कर्ज. फोनवर फोन. पण अट अशी होती की २९ फेब्रुवारीला तुमचं जे कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के नवीन मिळणार. म्हणजे ज्याच्यावर आधीच बँकेचं कर्ज आहे त्यालाच. माझ्याकडचे निम्मेअधिक लोक बँकेच्या दारात कधी गेलेलेच नाहीत, त्यांचं सगळं होलसेलवाल्याच्या उधारीवर आणि भिशीवर, त्यांचं २० टक्के म्हणजे शून्याचे २० टक्के. हे फोनवर सांगताना मलाच कसंतरी व्हायचं. ज्यांची कर्जं होती त्यांना हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हतं, हे बऱ्याच जणांना सप्टेंबरमध्ये बँकेचं स्टेटमेंट बघून कळलं. त्यातल्या त्यात फेरीवाल्यांची स्वनिधी योजना बरी निघाली, १० हजारांचं कर्ज, व्याजात ७ टक्के सवलत. आमच्या भाजीवाल्या मावशींना ते मिळालं, पण आधी फेरीवाला असल्याचा कागद पाहिजे, आणि आयुष्य रस्त्यावर गेलेल्या बाईकडं ती रस्त्यावर बसते याचा कागद नव्हता. तिथंही शेवटी बातमीच कामाला आली, शिफारसपत्र मिळतं आणि कुठं अर्ज करायचा हे लिस्टवर टाकल्यावर चार बायका एकदम गेल्या म्हणून काम झालं. एकटीला परत पाठवलं असतं.

सलूनवाल्याचं तर विचारू नका. मार्चअखेरपासून बंद. एप्रिलच्या मध्यावर बघते तर हा माणूस हातगाड्यावर वांगी आणि कोथिंबीर घेऊन आमच्या दारात. म्हणाला, "ताई, वांगी निवडायला शिकलो, पण गिऱ्हाईक माझ्याकडं बघून टोपी काढतंय आणि विचारतंय, घरी येऊन कापतोस का." २८ जूनला सलून उघडायला परवानगी मिळाली ती फक्त केस कापायला, दाढी नाही. "निम्मा धंदा दाढीवर हाय माझा," म्हणाला. आणि सगळी गावभर पोरं घरी ट्रिमर घेऊन बसलेली, ती दाढी त्याच्याकडं आजतागायत परत आली नाही.

तासगावच्या द्राक्षवाल्यांचं थोडक्यात सांगते. मार्चअखेर म्हणजे ऐन हंगाम, व्यापारी यायचे बंद, माल वेलीवर. गाड्या भरून ते स्वतः सांगली-मिरजेत आले, सोसायट्यांच्या गेटवर पेट्या विकल्या. उद्या सकाळी विश्रामबागला कुणाची गाडी येणार आहे एवढं आदल्या रात्री टाकलं की गाडी दोन तासांत रिकामी. बाकीच्याचा बेदाणा झाला, दुसरं करणार काय.

पण सगळ्यात मोठा गोंधळ २०२१ च्या एप्रिलचा. ४ तारखेला रविवारी मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि सगळीकडं बातमी, वीकएंड लॉकडाऊन, रात्रीची संचारबंदी. दुकानदार खूश, शनिवार-रविवार जाऊ दे, पाच दिवस तर मिळाले. माझ्याकडं आदेश आला तो मी दोनदा वाचला. त्यात लिहिलेलं, अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत पूर्ण बंद. आठवड्याचे सातही दिवस. रात्रीच लिस्टवर टाकलं. शिव्या खाल्ल्या. "मॅडम तुम्ही घाबरवताय", एकाने तर लिस्टमधून काढा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कापडवाले, भांड्यांचे दुकानदार शटर वर करून बसले आणि पोलिसांची गाडी आली. पुढे राज्यभर व्यापाऱ्यांनी निदर्शनं केली ती यासाठीच, की सांगितलं एक आणि काढलं एक. पाडवा १३ एप्रिलला होता, सगळ्यांनी माल भरून ठेवलेला. आणि त्याच पाडव्याच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवरून आणखी कडक निर्बंध जाहीर केले. लागोपाठ दोन पाडवे.

त्याच महिन्यात मग किराणा सकाळी सात ते अकरा. हा नियम ज्याने काढला त्याने सकाळी दहाला किराणा दुकानात जाऊन बघायला पाहिजे होतं, बारा तासांची गर्दी चार तासांत कोंबायची आणि वर अंतर ठेवा म्हणायचं. लग्नाला २५ माणसं आणि दोन तास. पत्रिकावाल्याने तेव्हा "मास्क नाही तर प्रवेश नाही" चे स्टिकर छापून विकले, तेवढंच चाललं. एप्रिलमध्ये परवानाधारक रिक्षावाले, फेरीवाले यांना १५०० रुपये जाहीर झाले, शिवभोजन थाळी फुकट झाली, थाळीचा खरंच उपयोग झाला, रांगेत मी ओळखीची माणसं बघितली आणि त्यांनी मान वळवली म्हणून मीही वळवली.

जूनपासून लेव्हल आल्या. पॉझिटिव्हिटी रेट किती आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावर जिल्ह्याची लेव्हल, त्यावर दुकानाची वेळ. आमच्याकडं चहावाल्यालासुद्धा पॉझिटिव्हिटी रेटचा दशांश माहीत असायचा, एवढा त्याचा अभ्यास झाला. आणि सांगली काही खाली येईना. चार वाजता शटर खाली. त्यात जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत पूर, परत पन्नास फुटांच्या वर पाणी, परत हरभट रोड, परत मारुती चौक. पाणी उतरल्यावर लोक दुकानातला चिखल काढत होते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आदेश आला, बऱ्याच जिल्ह्यांना सवलती, अकरा जिल्ह्यांना नाहीत. त्या अकरांत सांगली, कोल्हापूर, सातारा. म्हणजे चिखल काढायचा तो पण चारच्या आत का, असं एका भांडेवाल्याने मला विचारलं, मी काय सांगणार.

पत्रिकावाल्याने २०२२ ला प्रेस विकली, पत्रिका आता मोबाईलवर व्हिडिओ करून पाठवतात, तो एका मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. सलून चालू आहे, गाडा भाड्याने दिलाय. शेठचं दुकान चालू आहे पण "शेठ, तुमच्यामुळं जगलो" म्हणणारे अर्धे लोक परत मॉलमध्ये जायला लागले, आणि "येणे" च्या पानावरची दहा-बारा नावं अजून तशीच आहेत. मी ती बुडीत दाखवू का म्हटलं तर ते नको म्हणतात. "असू दे की मॅडम. दोघं-तिघं तर गेलेत बिचारे त्यातच."

लिस्ट मी बंद केली नाही. पावसाळ्यात तिच्यावर आता पाण्याची पातळी जाते, कोयनेतून किती सोडलं, पुलाजवळ किती फूट, तेही सरकारी आकडा बघितल्याशिवाय टाकत नाही. या वर्षी जुलैत टाकलेला मेसेज असा: "आयर्विनला ३० फूट. गणपती पेठ, हरभट रोडवाल्यांनी अजून माल हलवायची गरज नाही. रात्री नऊला परत सांगते. कृपया फोन करू नका."

फोन आलेच.